कंपवात, वनौषधी आणि ‘संरक्षण’ शब्दाचा अर्थ

कंपवातावर, म्हणजे पाश्चात्त्य वैद्यकात ज्यास पार्किन्सनचा रोग म्हणतात त्यावर, अमुक वनस्पतीचा अर्क गुणकारी आहे, अशा आशयाचे लेखन अलीकडे विपुल होत आहे. खाजकुइली, अश्वगंधा, ब्राह्मी, हळद, चहा ही नावे त्यात पुनःपुन्हा येतात, आणि या सर्वांस मिळून एकच विशेषण लावण्यात येते: मेंदूतील मज्जापेशींचे ‘संरक्षण’ करणारी द्रव्ये. हे विशेषण कितपत यथार्थ आहे, याचा विचार रसायनशास्त्र व वैद्यक यांच्या कक्षेत येतो हे खरे. तथापि त्याचा एक भाग निव्वळ शब्दार्थाचा आहे, आणि तो भाग दुर्लक्षित राहिल्यामुळेच पुष्कळसा घोटाळा झाला आहे.

मराठीत औषधाचा ‘गुण येतो’. ठणका थांबला तरी गुण आला, रोग समूळ गेला तरी गुणच आला, आणि साथीच्या दिवसांत घरातील कोणी आजारी पडले नाही तर तोही काढ्याचाच गुण. बोलण्यात ही संदिग्धता बाधक होत नाही. परंतु प्रस्तुत विषयात तीन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या ठेवाव्या लागतात. रोग आपल्या गतीने चाललेला असताना केवळ त्याची लक्षणे सौम्य होणे, हा उपशम; रोगाची गतीच मंदावणे, हा अवरोध; आणि रोग मुळात उद्भवूच न देणे, हा प्रतिबंध. ‘संरक्षण’ हा शब्द न्यायतः शेवटच्या दोन अर्थीच वापरता येतो. प्रत्यक्षात मात्र पहिल्याचा पुरावा पुढे करून दुसऱ्या-तिसऱ्याचे श्रेय घेतले जाते.

लंडनमधील वैद्य जेम्स पार्किन्सन याने १८१७ साली एका छोट्या निबंधात सहा रुग्णांचे वर्णन केले. त्यांपैकी काहींना तर त्याने रस्त्यावरून जाताना केवळ पाहिलेले होते. हात स्थिर असताना होणारा कंप, पुढे वाकलेले शरीर, धावत सुटल्यासारखी लहान पावले, ही त्याने टिपलेली लक्षणे आजही रोगनिदानात उपयोगी पडतात. पुढे फ्रेंच वैद्य शार्को याने या रोगास पार्किन्सनचे नाव दिले. १९१९ साली त्रेत्याकॉफ याने पॅरिस येथे दाखवून दिले की या रुग्णांच्या मध्यमेंदूतील ‘सब्स्टॅन्शिया नायग्रा’, म्हणजे शब्दशः ‘काळा पदार्थ’, या भागातील पेशी नष्ट झालेल्या असतात. या पेशी डोपामीन नावाचे द्रव्य निर्माण करतात आणि हालचालींचा प्रारंभ व ओघ त्यावर अवलंबून असतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी, कारण पुढील सर्व विवेचनास तिची आवश्यकता आहे: हातास पहिला कंप सुटतो तेव्हा या पेशींचा फार मोठा हिस्सा आधीच गेलेला असतो. रोगाचा आरंभ आणि लक्षणांचा आरंभ यांत वर्षांचे अंतर असते. कित्येक रुग्णांची घ्राणशक्ती त्यापूर्वी कितीतरी आधी मंदावलेली असते आणि तिकडे कोणाचेही लक्ष गेलेले नसते.

‘कंपवात’ हे नाव या रोगास आता रूढ झाले आहे. परंतु पारिभाषिक शब्द रूढ झाला म्हणजे त्याचा जुना अर्थही नव्या अर्थाशी एकरूप झाला असे नव्हे. चरकसंहितेतील ऐंशी वातविकारांच्या यादीत ‘वेपथु’ आहे. माधवनिदानात वेपथूचे लक्षण सांगताना सर्वांगाच्या कंपाबरोबर मस्तकाच्या कंपाचाही स्पष्ट निर्देश आहे. पार्किन्सनच्या रोगात हनुवटी व ओठ थरथरतात, परंतु मान व मस्तक हलणे हे सामान्यतः त्याचे लक्षण नव्हे. ते एका वेगळ्या, अधिक आढळणाऱ्या आणि बहुधा आनुवंशिक अशा कंपाचे लक्षण होय, ज्यात पेला उचलताना किंवा सही करताना हात थरथरतो आणि स्थिर ठेवला की थांबतो. उलट पार्किन्सनच्या काही रुग्णांत कंप मुळीच नसतो. केवळ ताठरपणा व मंदपणा असतो, अक्षर बारीक होत जाते, आवाज खोल जातो. तात्पर्य, प्राचीन ग्रंथांतील कंप या वर्गात आजचा रोग समाविष्ट असणे सर्वथा संभवनीय आहे. पण दोहोंचे समीकरण मांडता येत नाही. एखाद्याचा ‘कंपवात’ अमुक चूर्णाने बरा झाला असे सांगण्यात येते तेव्हा तो नेमका कोणता कंप होता, हा पहिला प्रश्न असावयास हवा. तो क्वचितच विचारला जातो.

वनस्पती आणि हा रोग यांच्या संबंधाचा इतिहास मात्र, विलक्षण वाटेल, पण रोग बरा करणाऱ्या वनस्पतीपासून सुरू होत नाही. तो सुरू होतो रोगासारखी अवस्था निर्माण करणाऱ्या वनस्पतीपासून, आणि तिचे नाव सर्पगंधा. उन्माद व रक्तदाब यांवर सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग होतो, असे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले अनुभव १९४९ साली ब्रिटनमधील हृद्रोगविषयक नियतकालिकात मांडले आणि सर्पगंधेकडे जगाचे लक्ष वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातील रिसर्पीन हे प्रभावी द्रव्य वेगळे काढले. ते मोठ्या प्रमाणात घेणाऱ्या काही रुग्णांत मंदपणा, ताठरपणा व कंप दिसू लागला. १९५७ साली स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी रिसर्पीन देऊन निश्चल केलेल्या सशांना लेव्होडोपा टोचले आणि ते ससे पुन्हा हिंडूफिरू लागले. रिसर्पीनमुळे मेंदूतील डोपामीनचा साठा रिता होतो आणि लेव्होडोपापासून तो पुन्हा भरतो, हे या प्रयोगांतून निष्पन्न झाले. १९६० साली व्हिएन्ना येथे एरिंगर व होर्निकिएविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामीनची तूट प्रत्यक्ष मोजली. १९६७ मध्ये कोत्झियास यांनी पोटात घ्यावयाच्या मोठ्या मात्रांनी रुग्णांना उठवून चालवले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. सर्पगंधेचे कल्प आजही रक्तदाबासाठी व निद्रेसाठी मिळतात. ते कंपवाताच्या रुग्णास ‘झाडपाल्याचे, म्हणून निरुपद्रवी’ समजून देणे म्हणजे सशांवरील प्रयोगाचा पूर्वार्ध घरी करून पाहणे होय.

प्रयोगाचा उत्तरार्ध ज्या लेव्होडोपाने केला तेही मूळचे वनस्पतिजन्यच. १९१३ साली मार्कुस गुगेनहाइम याने ते बाकल्याच्या शेंगांतून वेगळे काढले आणि स्वतः अडीच ग्रॅम गिळून पाहिले. परिणाम एवढाच झाला की त्यास जोराची वांती झाली. १९३७ साली मद्रास येथे दामोदरन व रामस्वामी यांनी हेच द्रव्य खाजकुइलीच्या बियांत दाखवून दिले. त्या वेळी त्याचा मेंदूशी काही संबंध असेल अशी कल्पना कोणासही नव्हती.

खाजकुइलीची नावे हा एक रंजक विषय आहे. संस्कृतात ती कपिकच्छू, म्हणजे माकडांना खाज आणणारी. मर्कटी हे दुसरे नावही त्याच अनुभवावरून पडलेले. मराठीत ‘कुइली’स ‘खाज’ जोडून ओळख पक्की केलेली आहे. हिंदीत ती केवांच किंवा कौंच. याच शब्दाचे इंग्रजांच्या तोंडी ‘काउहेज’ झाले, आणि ऐकणाऱ्यास तो गाईशी संबंधित शब्द वाटू लागला. शास्त्रीय नावातील ‘म्यूक्यूना’ हा शब्द ब्राझीलच्या तुपी भाषेतील आणि ‘प्रुरिएन्स’ हा लॅटिनमधील. त्याचाही अर्थ खाजवणारी. सह्याद्रीच्या व कोकणच्या रानात हिंडलेल्या माणसास या एकमताचे आश्चर्य वाटणार नाही. परंतु सर्वांत अर्थपूर्ण नाव आहे आत्मगुप्ता, स्वतःचे रक्षण स्वतः करणारी. शेंगेवरील खाजरी लव हे त्या रक्षणाचे बाह्य कवच. १९७३ मध्ये अमेरिकन संशोधकांनी असे दाखवले की बियांतील लेव्होडोपा हेही कीटकांना दूर ठेवणारे एक रासायनिक कवचच आहे. जे द्रव्य मनुष्याने औषध म्हणून घेतले ते वेलीने स्वतःच्या संरक्षणार्थ साठवलेले होते. मनुष्याच्या मेंदूचे संरक्षण ते करते काय, हा प्रश्न अगदी वेगळा.

आयुर्वेदात कपिकच्छूची ख्याती मुख्यत्वे वृष्य व बल्य म्हणून आहे. वातशमनाचाही गुण तिला दिलेला आहे. आधुनिक पद्धतीने तिची परीक्षा होण्यास मुंबईचा मोठा हातभार लागला. डॉ. अशोक वैद्य व त्यांचे सहकारी यांनी १९७८ साली कंपवाताच्या रुग्णांवरील तिच्या उपयोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९९५ मध्ये बियांच्या चूर्णापासून केलेल्या एका कल्पाची अनेक केंद्रांवर मिळून ६० रुग्णांत बारा आठवडे चाचणी झाली व लक्षणांत सुधारणा आढळली. २००४ साली लंडन येथे आठ रुग्णांवर अधिक काटेकोर प्रयोग झाला. त्यात रुग्णास व वैद्यास, दोघांसही, कोणत्या दिवशी काय दिले हे ठाऊक नव्हते. ३० ग्रॅम चूर्णाचा, म्हणजे त्यातील सुमारे १ ग्रॅम लेव्होडोपाचा, परिणाम सरासरी ३५ मिनिटांत दिसू लागला. नेहमीच्या गोळीस सुमारे ६९ मिनिटे लागली. चूर्णाचा प्रभाव सरासरी ३७ मिनिटे अधिक टिकला. २०१७ साली बोलिव्हियातील १८ रुग्णांवर भाजलेल्या बियांच्या चूर्णाची परीक्षा झाली. गोळ्यांचा खर्च जेथे परवडत नाही तेथे ही वेल उपयोगी पडेल काय, असा त्यामागील हेतू होता, आणि एकेका मात्रेपुरते चूर्ण गोळीच्या तोडीस उतरले. परंतु पुढच्या वर्षी सोळा आठवड्यांच्या चाचणीत हेच चूर्ण १४ रुग्णांना रोज देऊन पाहिले तेव्हा सात जणांनी ते मध्येच सोडले. काहींना पोटाचा त्रास झाला, काहींच्या हालचाली अधिक बिघडल्या.

एवढ्यावरून खाजकुइलीस गुण आहे हे निर्विवाद ठरते. उपशमाच्या अर्थी तिचा पुरावा या विषयातील इतर सर्व वनस्पतींहून भक्कम आहे. पण हा गुण येतो कशामुळे? तिच्यात लेव्होडोपा असल्यामुळे. आणि लेव्होडोपा रोगाची गती मंदावते काय, याचे उत्तर स्वतंत्रपणे शोधले गेले आहे. नेदरलँड्समध्ये ४४५ नव्या रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एकास ८० आठवडे लेव्होडोपा मिळाले. दुसऱ्यास पहिले ४० आठवडे औषधरहित गोळी आणि नंतरचे ४० आठवडे खरे औषध. औषध पेशींचे रक्षण करीत असते, तर आधी सुरू करणारा गट अखेरीस पुढे राहिला असता. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा दोन्ही गट समान पातळीवर होते. लेव्होडोपाने हानी केली नाही, पण संरक्षणही दिले नाही.

ही विलंबित आरंभाची पद्धत मुद्दाम योजावी लागली, यामागे एका मोठ्या चाचणीचा धडा आहे. सेलेजिलीन हे औषध घेणाऱ्यांना लेव्होडोपाची गरज उशिरा पडते, असे अमेरिका व कॅनडातील ८०० रुग्णांच्या चाचणीत १९८९ साली दिसले आणि संरक्षक द्रव्य सापडले असा समज पसरला. पुढे असे लक्षात आले की ते औषध स्वतःच लक्षणे किंचित सौम्य करते. रोग पुढे सरकतच होता, त्याची पावले तेवढी ऐकू येत नव्हती. वनस्पतींविषयीच्या पुष्कळशा दाव्यांत नेमकी हीच गल्लत आहे, आणि ती करणारे सर्वच अप्रामाणिक असतात असे मुळीच नव्हे. घरातील वृद्ध गृहस्थ चूर्ण घेतल्यावर पुन्हा बागेत जाऊ लागले, हे पाहणाऱ्यास उपशम व अवरोध यांतील भेद डोळ्यांनी दिसणे शक्यच नाही.

हा भेद न कळल्याने होणारी हानी मात्र प्रत्यक्ष आहे. गोळ्या ‘रसायन’ आणि चूर्ण ‘वनौषधी’, असे दोन शब्द योजले की दोन भिन्न वस्तूंचा भास होतो. वस्तुतः दोहोंतील कार्यकारी द्रव्य एकच आहे. गोळ्यांबरोबर गुपचूप चूर्ण घेणारा रुग्ण लेव्होडोपाची न मोजलेली दुसरी मात्रा घेत असतो. हातपाय अनिच्छेने वळवळू लागणे, उभे राहताच रक्तदाब उतरणे, नसलेली माणसे दिसणे, हे तिचे परिणाम होऊ शकतात, आणि वैद्य मात्र निष्कारण रोगास किंवा गोळीस दोष देत बसतो. गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपासारखे दुसरे द्रव्य असते. ते लेव्होडोपास मेंदूत पोहोचण्यापूर्वीच खर्ची पडू देत नाही. चूर्णात ते योजलेले नसते, म्हणून चूर्णातील लेव्होडोपा पुष्कळ अधिक लागते, आणि बियांतील त्याचे प्रमाण वाणागणिक व भूमीगणिक बदलते. याहून गंभीर प्रकार म्हणजे चूर्णावर विसंबून गोळ्या एकाएकी बंद करणे. तसे केल्याने तीव्र ज्वर, सर्वांगाचा ताठरपणा व बेशुद्धी अशी प्राणघातक अवस्था ओढवू शकते. खाजकुइली घेऊ नये असा याचा अर्थ नव्हे. ती घेत असल्याचे उपचार करणाऱ्या वैद्यास ठाऊक असावे, एवढाच आहे.

आता ज्या वनस्पतींविषयी संरक्षणाचा दावा खऱ्या अर्थी केला जातो त्यांकडे वळता येईल. अश्वगंधा, ब्राह्मी, हळदीतील कुर्क्युमिन, हिरव्या चहातील द्रव्ये यांचे प्रयोग उंदीर, फळमाशी व सूक्ष्म कृमी यांवर झालेले आहेत, आणि पुष्कळांत अर्क दिलेल्या प्राण्यांच्या पेशी अधिक वाचल्या. प्रयोगाची रचना बहुधा अशी असते: प्राण्यास काही दिवस अर्क द्यावयाचा, नंतर किंवा त्याबरोबर पेशी मारणारे विष द्यावयाचे, आणि पेशी मोजावयाच्या. येथे ढाल वारापूर्वी उचललेली असते. मनुष्याच्या बाबतीत वार कित्येक वर्षे आधी सुरू झालेला असतो, आणि तो कोणी केला हे बहुतेक रुग्णांत अज्ञातच राहते. शिवाय विषाने काही आठवड्यांत घडवलेली अवस्था आणि मनुष्यात दशकभर चालणारी झीज, ज्यात आल्फा-सिन्युक्लिन नावाचे प्रथिन पेशींत साचत जाते, या एकच नव्हेत. कुर्क्युमिन तर आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते. रक्त व मेंदू यांमधील अडसर ओलांडणे त्यापुढची गोष्ट.

या प्रयोगांतील विषांपैकी एक, रोटेनोन, हेही काही शिंबावर्गीय वनस्पतींच्या मुळांतून मिळते. २००० साली अमेरिकेत ते उंदरांना सतत देऊन कंपवातासारखी अवस्था निर्माण करण्यात आली. कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर उपचारांना न जुमानणाऱ्या कंपवातसदृश विकाराचे रुग्ण असाधारण संख्येने आढळतात, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. सीताफळाच्या कुळातील लक्ष्मणफळ व त्याच्या पानांचा काढा यांच्या सेवनाशी त्याचा संबंध जोडण्यात आला, आणि त्यातील अ‍ॅनोनासिन हे द्रव्य प्रयोगात मज्जापेशींना घातक ठरले. झाडपाला म्हणजे सौम्य, हा समज किती निराधार आहे हे सांगण्यास एवढी उदाहरणे पुरेत.

मनुष्यातील निरीक्षणांत दोन वनस्पतींची नावे सातत्याने येतात, आणि त्यांपैकी एकही औषधीच्या बटव्यातील नाही: कॉफी आणि तंबाखू. हवाई बेटांवरील ८००४ जपानी-अमेरिकन पुरुषांच्या दीर्घ निरीक्षणात, जे मुळीच कॉफी घेत नसत त्यांच्यात रोगाचे प्रमाण भरपूर कॉफी पिणाऱ्यांच्या सुमारे पाचपट दिसले. हे २००० साली प्रसिद्ध झाले. तंबाखू ओढणाऱ्यांतही रोग कमी आढळतो. पण कार्यकारणाची दिशा उलटीही असू शकते. डोपामीन हे सुखसंवेदनेशी व सवयी जडण्याशीही निगडित आहे. ज्याच्या मेंदूत ते आधीपासूनच ओसरत आहे त्यास या व्यसनांची गोडीच कमी लागत असेल. प्रत्यक्ष चाचणीत कॅफीनने रुग्णांच्या हालचालींत सुधारणा केली नाही, असे २०१७ साली दिसून आले. जर्मनी व अमेरिका येथे नव्या रुग्णांना वर्षभर निकोटीनच्या पट्ट्या लावून पाहिल्या; रोगाची गती मंदावली नाही. हिरव्या चहातील मुख्य द्रव्य कंपवाताच्या निकटच्या एका रोगात देऊन पाहिले असता, २०१९ मधील अहवालानुसार, लाभ झाला नाही. उलट काहींच्या यकृतास इजा पोहोचली.

मनुष्यात कंपवातापासून संरक्षण देते असे सिद्ध झालेली एकही वनस्पती आज नाही. आणि हेही जोडावयास हवे की तसे सिद्ध झालेले कृत्रिम औषधही नाही. ढाल वारापूर्वी देता येईल काय, हा विचार आता सुरू झाला आहे. ज्यांना स्वप्नावस्थेत हातपाय झाडण्याचा, ओरडण्याचा विशिष्ट निद्राविकार असतो, त्यांच्यापैकी बहुसंख्यांना पुढील दहा-बारा वर्षांत हा रोग किंवा त्याचा सगोत्र विकार जडतो. अशा व्यक्तींत, लक्षणे उमटण्यापूर्वी, द्रव्यांची परीक्षा करता येणे शक्य आहे. ती अनेक वर्षांची व फार खर्चाची असेल. ब्राह्मीचा विचार त्यात व्हावयाचा, तर आधी एक भाषिक अडचण दूर करावी लागेल. ज्या ब्राह्मीवर प्रयोगशाळांतून अधिक काम झाले ती बाकोपा, ओलसर जागी पसरणारी, लहान जाड पानांची, म्हणजे आपल्याकडील नीरब्राह्मी. आणि महाराष्ट्रात सामान्यतः ब्राह्मी म्हणून जी खुडली व विकली जाते ती गोल पानांची सेंटेला, म्हणजे कारिवणा किंवा ग्रंथांतील मंडूकपर्णी. दोहोंचे कूळ निराळे, द्रव्ये निराळी. चाचणीच्या नोंदवहीत पहिल्याच रकान्यात ही दोहोंपैकी कोणती, तिचे कोणते अंग घेतले आणि त्यात कोणते द्रव्य किती होते, हे लिहावे लागेल. बाजारातील बाटलीवर मात्र आजही बहुधा ‘ब्राह्मी’ एवढेच छापलेले असते.